पिवळ्या बावट्यामागची माणसे

जपानच्या मिए प्रांतातला सुझुकाचा ट्रॅक होंडा कंपनीने १९६२ साली आपल्या गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधला. जॉन हुगेनहोल्ट्झ या डच माणसाने त्याची आखणी केली. जेमतेम ५.८ किलोमीटरचा हा रस्ता एका ठिकाणी पुलाखालून स्वतःलाच ओलांडतो. सुरुवातीचा सरळ पट्टा संपला की एकामागून एक नागमोडी वळणे येतात, मग चढ लागतो आणि त्या चढावर डावीकडे वळत जाणारा लांब बाक येतो. त्याचे नाव डनलॉप. कोरड्या दिवशी चांगल्या ड्रायव्हरला तो फारसा त्रास देत नाही. पावसात मात्र चढावरचे पाणी ट्रॅकवर उतरते आणि ओघळ धरून वाहू लागते. वेगात आलेल्या गाडीचे टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगले, की स्टिअरिंग कुणीकडेही फिरवा, गाडी सरळच जाते.

६ नोव्हेंबर १९९४. फॉर्म्युला वनच्या त्या हंगामातली शेवटून दुसरी शर्यत धो धो पावसात सुरू होती. डनलॉपवर जानी मोर्बिदेलीची गाडी घसरून कठड्यावर आदळली. ती हलवायला मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला बावटे धरणारी आणि मदतीला धावणारी माणसे, पुढे सरसावली, ट्रॅक्टर उतरला. तेवढ्यात मार्टिन ब्रंडलची मॅक्लारेन त्याच जागी, त्याच पाण्यावर सुटली. ट्रॅक्टर थोडक्यात चुकला आणि गाडी एका मार्शलवर गेली. त्याचा पाय मोडला. शर्यत थांबवली, बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू केली आणि दोन भागांच्या वेळांची बेरीज करून निकाल लावला. डेमन हिलने मायकेल शूमाखरला साडेतीन सेकंदांपेक्षाही कमी फरकाने हरवले. हिलच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी कामगिरी असे जाणकार आजही म्हणतात, आणि ते खरे आहे. पाय मोडलेल्या माणसाचा उल्लेख शर्यतीच्या वर्णनात एका ओळीपुरता येतो. ब्रंडल पुढे नावाजलेला समालोचक झाला. सुझुकाला पाऊस पडला आणि ट्रॅकच्या कडेला ट्रॅक्टर दिसला, की तो हा प्रसंग आठवणीने सांगतो.

मोटार शर्यतीत ड्रायव्हरशी बोलण्याची भाषा झेंड्यांची आहे. आता रेडिओ आले, स्टिअरिंगवर दिवे आले, ट्रॅकच्या कडेला प्रकाशफलक आले, तरी झेंडे गेलेले नाहीत. पिवळा बावटा हलत असेल तर पुढे धोका आहे: वेग कमी करा, कोणालाही मागे टाकू नका, दिशा बदलावी लागली तर तयार राहा. दोन पिवळे बावटे एकदम हलत असतील तर ट्रॅक पूर्ण किंवा थोडा अडलेला आहे, किंवा ट्रॅकवर अगर त्याच्या अगदी कडेला माणसे काम करत आहेत: वेग चांगलाच उतरवा, प्रसंगी थांबायचीही तयारी ठेवा. घाटात दरड कोसळली की वळणाच्या अलीकडे लाल फडके घेऊन एक माणूस उभा असतो, तसेच हे काम. त्याच्या हातातले फडके पलीकडे फावडी घेऊन वाकलेल्या लोकांसाठी असते.

हे मार्शल बहुतेक देशांत स्वयंसेवक असतात. शनिवार-रविवार मोडून, कधी पदरचे पैसे घालून येणारी, मोटार शर्यतींवर जीव असलेली माणसे. पिवळ्या बावट्याच्या कायद्याचा इतिहास बहुधा ड्रायव्हरांच्या आणि गुणतक्त्यांच्या बाजूने लिहिला जातो. तो या माणसांच्या बाजूने वाचला, तर शिक्षांची सगळी मोजमापे वेगळी दिसू लागतात.

सत्तरच्या दशकातल्या दोन घटना त्यासाठी आठवल्या पाहिजेत. २९ जुलै १९७३ रोजी नेदरलँड्समधल्या झान्डव्होर्टला रॉजर विल्यमसन या तरुण इंग्रज ड्रायव्हरची गाडी उलटली आणि पेटली. मागून येणारा डेव्हिड पर्ली गाडी थांबवून धावला. एकट्याने ती उलटी गाडी सरळ करायचा प्रयत्न करत राहिला, एका मार्शलच्या हातातले अग्निशामक घेऊन आगीवर मारत राहिला. पिवळे बावटे हलत होते आणि बाकीच्या गाड्या फेरीमागून फेरी शेजारून जात होत्या. जळत्या गाडीचा ड्रायव्हर सुखरूप बाहेर पडला आहे आणि आता आपली गाडी वाचवायची धडपड करतो आहे, असा अनेकांचा समज झाला. विल्यमसन आतच गेला. शर्यत थांबली नाही. जॅकी स्टुअर्टने ती जिंकली आणि कारकिर्दीतल्या विजयांचा जिम क्लार्कचा विक्रम मोडला. पर्लीला पुढे शौर्याबद्दल जॉर्ज पदक मिळाले.

५ मार्च १९७७ रोजी दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला उलटे घडले. रेंझो झोर्झीची गाडी सरळ पट्ट्याच्या कडेला थांबली आणि किरकोळ आग लागली. पलीकडच्या बाजूचे दोन मार्शल ट्रॅक ओलांडून धावत सुटले. त्यांतला फ्रेडरिक यान्सेन फान व्ह्यूरेन एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच्या हातात जड अग्निशामक होते. उंचवट्यापलीकडून टॉम प्राइस ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने येत होता. पुढच्या गाडीमुळे त्याला समोरचे काहीही दिसणे शक्य नव्हते. मार्शल जागीच गेला, अग्निशामक डोक्यावर बसल्याने प्राइसही गेला, आणि त्याची गाडी तशीच उतारावरून पुढे धावत राहिली. इथे कोणी इशारा धुडकावला नव्हता, दोष देण्याजोगा ड्रायव्हर नव्हता. पण ट्रॅकवर माणूस आणि समोरून पूर्ण वेगातली गाडी, या दोन गोष्टी एकत्र येऊ देता कामा नयेत, हे त्या दिवसानंतर कोणाला पुन्हा समजावून सांगायची गरज उरायला नको होती.

आता शिक्षांकडे वळू. १९८९ साली पोर्तुगालमध्ये एस्तोरिलला नायजेल मॅन्सेलने पिटमध्ये आपली जागा चुकवली आणि गाडी मागे घेतली. ते नियमाविरुद्ध होते. त्याला काळा बावटा दाखवला गेला, म्हणजे तू बाद, आत ये. सलग काही फेऱ्या तो बावटा समोर असूनही मॅन्सेल धावत राहिला आणि आयर्टन सेनाशी टक्कर होऊन दोघेही बाहेर गेले. समोरच्या उन्हात बावटा दिसला नाही, असे त्याचे म्हणणे होते. दंड ५०,००० डॉलर आणि पुढच्या स्पॅनिश शर्यतीत बंदी. १९९४ साली सिल्व्हरस्टोनला शूमाखरने तयारीच्या फेरीत हिलला मागे टाकले, त्याबद्दलची पाच सेकंदांची शिक्षा वेळेत भोगली नाही, आणि मग काळ्या बावट्याकडेही दुर्लक्ष केले. संघ अधिकाऱ्यांशी वाद घालत राहिला, गाडी धावत राहिली. त्याचा दुसरा क्रमांक गेला, दोन शर्यतींची बंदी आली आणि बेनेटन संघाला ५ लाख डॉलरचा दंड झाला. त्या बंदीमुळेच विजेतेपद हंगामाच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत लोंबकळत राहिले.

या शिक्षा मला अवाजवी वाटत नाहीत. पण त्यांच्या शेजारी त्या काळातल्या पिवळ्या बावट्याच्या शिक्षा ठेवून पाहिल्या की अस्वस्थ व्हायला होते. ताकीद, रद्द केलेली वेळ, स्थगित ठेवलेली बंदी. अधिकाऱ्याचा हुकूम मोडला तर हंगाम उलटापालटा होई. मार्शलच्या अंगावर गाडी घातली जाईल असे वागले तर बहुधा कागदावर एक नोंद होई. काळा बावटा न मानणे हे सत्तेला आव्हान आहे आणि सत्ता ते लगेच ओळखते. पिवळ्या बावट्यामागचा माणूस सत्तेत नसतो.

१९९७ साली मात्र पिवळ्या बावट्याने जगज्जेतेपद हलवले, तेही सुझुकाला.

जाक व्हिलनव्ह त्या वर्षी ७७ गुणांवर होता, शूमाखर ६८ वर. दोन शर्यती उरल्या होत्या आणि विजयाला दहा गुण मिळत. जाक हा झोल्डरला १९८२ साली अपघातात गेलेल्या जिल व्हिलनव्हचा मुलगा. स्पष्टवक्ता, केस रंगवणारा, ट्रॅक फार सुरक्षित करून शर्यतींतला जीव काढून घेऊ नका असे उघड सांगणारा. ११ ऑक्टोबरच्या शनिवारी सकाळच्या सरावात योस वर्स्टापनची टिरेल सरळ पट्ट्याच्या कडेला बंद पडली. पिवळे बावटे हलू लागले. कोरडा ट्रॅक, लांबवर स्वच्छ पोहोचणारी नजर, गाडी कडेला. बऱ्याच जणांनी वेग उतरवला नाही. व्हिलनव्ह त्यांतला एक होता, शूमाखरही होता. इतरांना स्थगित शिक्षा मिळाल्या. व्हिलनव्हचा हिशेब मात्र आधीच भरत आलेला होता. त्याच हंगामात पिवळ्या बावट्यावरून त्याला ताकिदी मिळाल्या होत्या आणि मोंझाच्या प्रकारानंतर एका शर्यतीची बंदी सुनावून ती पुढच्या नऊ शर्यतींसाठी स्थगित ठेवली होती. ती आता लागू झाली. पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवलेल्या ड्रायव्हरला रविवारी शर्यतीतूनच वगळण्याचा निर्णय झाला.

व्हिलनव्हच्या विल्यम्स संघाने अपील केले. अपिलाचा निकाल लागेपर्यंत धावायची मुभा होती, म्हणून तो रविवारी पहिल्या जागेवरून निघाला. मिळालेले गुण टिकतील याची खात्री नव्हती. तेव्हा शूमाखरला गुण मिळू न देणे एवढेच हाती होते. व्हिलनव्ह पुढे राहून मुद्दाम सावकाश चालला, मागे गाड्यांची रांग लागली, म्हणजे त्या गर्दीत शूमाखर कोणाच्या तरी मागे अडकेल. शूमाखरच्या फेरारी संघाने हा डाव ओळखला. शूमाखरचा सहकारी एडी अर्व्हाइन व्हिलनव्हला बाहेरून मागे टाकून पुढे सुटला. नंतर त्यानेच वेग उतरवून शूमाखरला वाट दिली आणि व्हिलनव्हला आपल्या मागे थोपवून धरले. शूमाखर जिंकला, व्हिलनव्ह पाचवा आला. गुण ७९ विरुद्ध ७८.

मग विल्यम्सने अपील मागे घेतले. यामागचा हिशेब समजण्यासारखा होता. तीन वर्षांपूर्वी ब्राझीलच्या अपघातावरून अर्व्हाइनला एका शर्यतीची बंदी मिळाली होती. त्याने अपील केले तेव्हा ती तीन शर्यतींची झाली. अपिलात शिक्षा वाढू शकते हे सगळ्या पॅडॉकला ठाऊक होते, आणि व्हिलनव्हला हेरेझची शेवटची शर्यत हुकणे परवडणारे नव्हते. सुझुकाचे दोन गुण गेले. ७७ विरुद्ध ७८. जो माणूस नऊ गुणांनी पुढे होता तो एका गुणाने मागे पडला.

हेरेझला २६ ऑक्टोबरला काय झाले हे शर्यतींच्या कोणत्याही चाहत्याला विचारा. पात्रता फेरीत व्हिलनव्ह, शूमाखर आणि व्हिलनव्हचा सहकारी फ्रेन्ट्झन या तिघांची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखी, १ मिनिट २१.०७२ सेकंद. अठ्ठेचाळिसाव्या फेरीत व्हिलनव्ह आतून घुसला आणि शूमाखरने गाडी त्याच्यावर वळवली. शूमाखरची गाडी खडीत रुतली, व्हिलनव्ह धडपडत तिसरा आला आणि जगज्जेता झाला. शूमाखरचे नाव त्या वर्षीच्या क्रमवारीतून काढून टाकण्यात आले आणि त्याने रस्ता सुरक्षेच्या मोहिमेत सात दिवस काम करावे असा आदेश निघाला.

हेरेझच्या धडकेने सुझुकाचा शनिवार झाकून टाकला. त्या शनिवारी शिक्षा झाली हे बरेच झाले, पण तिच्यावर जी चर्चा झाली ती विजेतेपदाची होती. फेरारीला झुकते माप मिळाले का, शिक्षा कोणाच्या पथ्यावर पडली, एवढ्याच कारणासाठी जगज्जेतेपदाचा निकाल बदलावा का. टिरेलपाशी उभ्या असलेल्या माणसांबद्दल कोणी बोलले नाही. व्हिलनव्हची बाजू अशी की धोका आपल्याला दिसत होता आणि वेग आपल्या ताब्यात होता. ड्रायव्हर म्हणून ते प्रामाणिक असेल. पण बावट्याचा नियम ड्रायव्हरच्या नजरेवर सोडला की तो नियम राहत नाही. आणखी एक अडचण त्याहून खोल होती: सगळ्यांत जास्त वेग उतरवणारा ड्रायव्हर सगळ्यांत जास्त वेळ गमावतो. दुसरे उतरवणार नाहीत याची त्याला खात्री असते, म्हणून तोही उतरवत नाही. मग प्रघात असा पडला की पेडलवरचा पाय किंचित उचलायचा, म्हणजे संगणकाच्या नोंदीत उचललेला दिसेल, आणि पुढे जायचे.

हा प्रघात सतरा वर्षे चालला.

५ ऑक्टोबर २०१४. फॅनफोन नावाचे चक्रीवादळ जपानकडे सरकत होते. सुझुकाची शर्यत सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांचा वेग आवरून पुढे चालणाऱ्या गाडीच्या, मागे सुरू झाली, दोन फेऱ्यांत थांबली, पुन्हा सुरू झाली. उजेड कमी होत चालला होता. बेचाळिसाव्या फेरीत एड्रियन सुटिलची सॉबर डनलॉपवर घसरून कठड्यावर गेली. दुहेरी पिवळे बावटे हलू लागले. गाडी उचलायला ट्रॅक्टर उतरला. पुढच्याच फेरीत जुल्स बियांकीची मारुसिया त्याच ठिकाणी, त्याच पाण्यावर सुटली आणि सरळ ट्रॅक्टरच्या मागच्या भागाखाली घुसली. गाडी सुमारे ७०० किलोची, ट्रॅक्टर साडेसहा हजार किलोचा. ताबा सुटला तेव्हा वेग ताशी २१३ किलोमीटर होता, धडकेच्या क्षणी १२६.

बियांकी पंचवीस वर्षांचा होता. घरातच शर्यती होत्या: आजोबा मॉरो ड्रायव्हर, आजोबांचे भाऊ ल्युसियन यांनी १९६८ साली ल मान्सची शर्यत जिंकली होती आणि पुढच्याच वर्षी तिथेच चाचणीत प्राण गमावले होते. मारुसिया हा रांगेच्या अगदी शेवटी धावणारा, पैशांची कायम चणचण असलेला संघ. त्याच वर्षी मे महिन्यात मोनॅकोला बियांकीने नववा क्रमांक मिळवून त्या संघाला पहिलेवहिले दोन गुण मिळवून दिले होते. फेरारीने त्याला आपल्या तरुणांच्या वर्गात घेतले होते. अपघातानंतर तो शुद्धीवर आला नाही. नऊ महिने कोमात राहून १७ जुलै २०१५ रोजी फ्रान्समध्ये नीसला तो गेला. १९९४ साली इमोलाला सेना गेला त्यानंतर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत झालेल्या जखमांनी दगावलेला तो पहिला ड्रायव्हर. १७ हा त्याचा क्रमांक आता कोणाला दिला जात नाही.

मोटार शर्यतींची जागतिक संघटना असलेल्या एफआयएने दहा जणांची समिती नेमली. त्यात रॉस ब्रॉन, स्टेफानो डोमेनिकाली, एमरसन फिटिपाल्डी यांच्यासारखे अनुभवी लोक होते. अहवाल ३९६ पानांचा झाला. बियांकीने दुहेरी पिवळ्या बावट्याखाली ताबा टिकवण्याइतका वेग उतरवला नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. गाडी थांबवण्यासाठी त्याने ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही पेडल एकदम दाबली, तरी इंजिन बंद करणारी व्यवस्था मारुसियाच्या ब्रेकच्या रचनेशी न जुळल्याने चालली नाही, हेही आहे. आणि आणखी एक वाक्य आहे, ज्यावर मी अनेकदा थांबलो आहे. सुटिलच्या अपघातानंतर नियंत्रण कक्षाने जे केले ते नियमांना आणि गेल्या आठ वर्षांतल्या ३८४ घटनांमधल्या प्रघाताला धरूनच होते, असे समितीने म्हटले. म्हणून सेफ्टी कार सोडायला हवी होती असे म्हणता येत नाही.

तीनशे चौऱ्याऐंशी वेळा निभावले, म्हणून पद्धत बरोबर ठरली. १९९४ चा मोडलेला पाय आणि थोडक्यात चुकलेला ट्रॅक्टर हे याच बाकावरचे. वीस वर्षे त्या जागेने सांगून ठेवले होते. बियांकीचा वेग जास्त होता, यात शंका नाही. पण त्याने इतर कोणापेक्षा वेगळे काही केले, असे मला वाटत नाही. सगळे जितके उतरवत तितकाच वेग त्यानेही उतरवला, आणि डनलॉपच्या पाण्याला तेवढे पुरेसे नव्हते. बियांकीच्या कुटुंबीयांनी पुढे न्यायालयाचा मार्ग धरला, तोही याच प्रश्नावरून: दोष त्या एका पायाचा होता की त्या पायाला तसे वागायची सवय लावणाऱ्या व्यवस्थेचा?

समितीच्या सूचनांमधून आणि त्याआधीच सुरू झालेल्या चाचण्यांमधून जे निघाले त्याने मात्र खरा बदल झाला. २०१५ पासून आभासी सेफ्टी कार आली. ट्रॅकवर प्रत्यक्ष गाडी उतरत नाही. फलकांवर अक्षरे उमटतात आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या स्टिअरिंगवर ठरावीक वेळ येते. ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्यात त्या वेळेपेक्षा लवकर पोहोचायचे नाही. लवकर पोहोचलास तर नोंद आपोआप होते. आता किती उतरवायचे हे कोणाच्या मनावर नाही, आणि सगळे सारखेच उतरवत असल्याने उतरवणाऱ्याचे नुकसानही नाही. दंडाची रक्कम कितीही वाढवून जे साधले नसते ते एका घड्याळाने साधले. शर्यत सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी सुरू व्हावी, ही सूचनाही त्या अहवालातलीच.

पात्रता फेरीत मात्र जुना पेच उरलाच, कारण तिथे प्रत्येक जण एकेका फेरीसाठी जीव तोडून धावत असतो. २०१६ साली हंगेरीला फर्नांडो अलोन्सोची गाडी गिरकी घेऊन थांबली, दुहेरी पिवळे बावटे लागले आणि निको रोझबर्गने त्यातूनच पोल मिळवला. त्याने पाय उचलल्याची नोंद होती, तेवढ्यावर तो सुटला. लुईस हॅमिल्टनने उघड विचारले की मग नियम म्हणजे नेमके काय? बियांकीच्या अपघाताला दोनच वर्षे झाली होती. शर्यत संचालक चार्ली व्हाइटिंग यांनी पुढच्याच जर्मनीच्या शर्यतीपासून दुहेरी पिवळ्याऐवजी पात्रता फेरी सरळ लाल बावट्याने थांबवायचे धोरण धरले.

२०१९ साली मेक्सिकोला वाल्तेरी बोटास शेवटच्या वळणावर कठड्यात गेला. मागून मॅक्स वर्स्टापन आला, वेग न उतरवता गेला आणि वेळ आणखी सुधारली. पोल त्याआधीच्या फेरीनेही त्याचाच होता. पत्रकार परिषदेत त्याने सरळ सांगितले की बोटासची गाडी दिसली होती आणि आपण वेग कमी केला नाही. तोपर्यंत चौकशीही लागलेली नव्हती. त्याच्या बोलण्यानंतर शर्यतीचा निवाडा करणाऱ्या स्टुअर्डांनी बोलावले आणि तीन जागा मागे ढकलले. इथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९७ साली सुझुकाला ज्याच्या बंद गाडीवरून व्हिलनव्हचे गुण गेले तो योस हा मॅक्सचा बाप. त्या शनिवारी मॅक्स अकरा दिवसांचा होता. आणि मेक्सिकोचा पोल ज्याच्याकडे गेला तो शार्ल लक्लेर, जुल्स बियांकीचा धर्मपुत्र.

दोन वर्षांनी कतारला पिएर गास्लीची गाडी मुख्य सरळ पट्ट्यावर थांबली. प्रकाशफलक लागलेला नव्हता, पण मार्शलच्या हातात दुहेरी पिवळे बावटे हलत होते. मॅक्स पुढे गेला. दुहेरी बावट्यासाठी त्याला पाच जागा मागे केले, एकेरी बावट्यासाठी बोटासला तीन. मॅक्सच्या रेड बुल संघाचे तेव्हाचे प्रमुख क्रिस्टियन हॉर्नर दूरचित्रवाणीवर म्हणाले की हा कोणा एका मार्शलने मनाला येईल तसा दाखवलेला बावटा होता. स्टुअर्डांनी त्यांना बोलावून ताकीद दिली आणि त्यांनी माफी मागितली. या सगळ्या इतिहासात मला ही ताकीद फार मोलाची वाटते. पैशांचा दंड नाही, गुण नाहीत. पण बावटा धरणाऱ्या स्वयंसेवकाच्या बाजूने, त्याच्यासाठी म्हणून, अधिकाऱ्यांनी उघड उभे राहिल्याची ही नोंद आहे. दिवा लागला नाही म्हणून हातातला बावटा खोटा ठरत नाही, असे त्यांनी ठरवले.

आणि मग पुन्हा सुझुका, ९ ऑक्टोबर २०२२, पुन्हा पाऊस. पहिल्याच फेरीत कार्लोस साइन्झची फेरारी कठड्यावर आदळली आणि सेफ्टी कार आली. जाहिरातीचा एक फलक उडून गास्लीच्या गाडीच्या नाकावर बसला होता, म्हणून तो पिटमध्ये जाऊन बाकीच्यांच्या मागून एकटा येत होता. पाण्याच्या फवाऱ्यात त्याला समोर अचानक ट्रॅक्टर दिसला. तो त्याच्या शेजारून निघून गेला. त्याच सुमारास लाल बावटा लागला आणि गास्लीने त्यानंतरही वेग उतरवला नाही. एका ठिकाणी तो ताशी २५१ किलोमीटरवर होता. संतापाने तो थरथरत होता. बियांकीसारखे आपणही जाऊ शकलो असतो, हेच तो दिवसभर सांगत राहिला. बियांकीचे वडील फिलिप यांनीही आपला राग जाहीर केला. शर्यतीनंतर स्टुअर्डांनी लाल बावट्याखालच्या वेगाबद्दल गास्लीच्या वेळेत २० सेकंद वाढवले आणि परवान्यावर दोन दंडगुण चढवले.

ही शिक्षा नियमाप्रमाणे योग्य होती आणि तो वेग घातक होता, हे मान्यच केले पाहिजे. पण पाणी साचलेल्या ट्रॅकवर, सगळ्या गाड्या एका रांगेत आल्या आहेत की नाहीत हे न पाहता ट्रॅक्टर उतरवण्याचा निर्णय ड्रायव्हरचा नव्हता. एफआयएने चौकशी केली. ट्रॅक्टर ट्रॅकवर आला की सगळ्या संघांना संदेश जावा आणि सेफ्टी कारमागे कोण कुठे आहे हे नियंत्रण कक्षाला एका पडद्यावर दिसावे, अशा सुधारणा तिच्यातून निघाल्या. गास्लीच्या २० सेकंदांइतक्या त्या गाजल्या नाहीत. सुझुकाच्या कठड्यापलीकडे पावसात काम करणाऱ्या मार्शलसाठी मात्र कोणत्याही ड्रायव्हरला होणाऱ्या शिक्षेपेक्षा त्या दोन गोष्टी अधिक उपयोगाच्या आहेत.